डंकनची उकललेली फिडल

मॉयराचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "डंकन गेला. हार्ट अटॅक," एवढंच ती म्हणाली. लिहायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की मेला एकदाचा, आणि माफी न मागताच मेला. याला आता दीड महिना झाला.

डंकन फिडल वाजवायचा, म्हणजे त्यांच्या स्कॉटिश लोकसंगीतातलं व्हायोलिन. मॉयरा अकॉर्डियनवर, आणि नाशिकच्या मंडळात ढोलकी बडवलेला मी त्यांच्या चपट्या, एकतोंडी ढोलावर. इथे कतारमध्ये, दोहा शहरातला आमचा स्कॉटिश बँड एवढाच. डंकन आडव्या अंगाचा, लालबुंद, आणि हाताचा वाईट. लय चुकली की आधी बूट आपटायचा, मग हाती लागेल ते फेकायचा. एकदा नोटेशनचा लोखंडी स्टँड माझ्या कानाजवळून भिंतीवर गेला. तरी त्यानं फिडल खांद्यावर घेतली की मी सगळं विसरायचो. तसा वाजवणारा मी दुसरा ऐकलेला नाही.

चार वर्षांपूर्वी जुलैत दोह्याबाहेर, समैस्मा गावातल्या एका व्हिलात लग्नाचा कार्यक्रम होता. फिडल आणायचं काम माझ्याकडे. निघताना मुऐदर भागातल्या माझ्या घरी जेवायला थांबलो आणि फिडलची पेटी गाडीतच राहिली. तासभरच. पण कतारच्या जुलैत, बंद गाडीत, तासभर...

व्हिलात पोचल्यावर डंकननं पेटी उघडली. सरस वितळून फिडलची पाठ कडेनं उकलली होती. फिडल त्याच्या वडिलांची. पहिला ठोसा नाकावर, दुसरा तोंडावर. समोरचे दोन दात माझ्याच तळहातावर पडले. मी कोसळलो तशी बरगडीत लाथ बसली. मग त्यानं माझा ढोल भिंतीवर आपटून फाडला. मलाही चेव आला. हातातल्या टिपरीनं मी त्याची भुवई फोडली. खरं तर मला डोळाच फोडायचा होता. मॉयरा मध्ये पडली. "खलास, बास झालं! बाहेर लोक उभे आहेत. यल्ला, चला."

एकट्या अकॉर्डियनवर नाच उभा राहीना. तेव्हा डंकननं भुवईवर रुमाल बांधला आणि चाल तोंडानंच गायला लागला. वाद्य नसलं की नाचाची चाल निरर्थक अक्षरांत गायची, ही त्यांची जुनी रीत. आपल्या बोलांसारखीच. मी रक्त गिळत ढोलकीचे बोल म्हणू लागलो. एकमेकांकडे न बघता, मारामारी चालू ठेवल्यासारखे आम्ही तासभर गायलो. लोक बेभान नाचले. एवढं चांगलं आमच्या हातून पुन्हा झालं नाही.

"हा माणूस दारात दिसला तर मीच त्याचं टाळकं फोडीन," घरी माझं तोंड बघून बायको म्हणाली. बँड मी सोडला नाही. सोडला असता तर माफी कशी मिळणार होती? दर शुक्रवारी त्याच्या शेजारी बसून वाट बघत राहिलो. पुढे मॉयराकडून कळलं, की लाकूड फुटण्याआधी जोड सुटावा म्हणून सरस मुद्दाम कच्चाच लावतात. फिडल दुसऱ्याच दिवशी जोडून झाली होती. ती सहज जोडता येते, हे मला मारताना डंकनला ठाऊक होतं. माझा राग आणखी पेटला. ती फिडल मात्र त्यानं पुन्हा कोणाच्या हाती दिली नाही, मॉयराच्याही.

डंकन जाण्याआधीच्या शुक्रवारी सराव संपला तेव्हा त्याला धाप लागली होती. मॉयराच्या जिन्याशी थांबून त्यानं पेटी माझ्यापुढे धरली.

"तू ने. पुढच्या शुक्रवारी आण."

मला कळलं. त्याच क्षणी कळलं, की माफी म्हणून याच्याकडून यापेक्षा जास्त कधीच येणार नाही. मी हात खिशात घातले. म्हटलं, "तुझी तूच ने."

तो थोडा वेळ पेटी तशीच धरून उभा राहिला. मग एकेका पायरीवर थांबत खाली उतरला. मी वरून बघत राहिलो. मदतीला गेलो नाही.

आता ती पेटी मॉयराच्या हॉलमध्ये, त्याच्या खुर्चीवर असते. सराव संपला की मॉयरा म्हणते, "घेऊन जा ना. त्यानं तुलाच दिली होती." मी खुर्चीपर्यंत जातो. हात काही उचलत नाही.