पायाखालचा पाट

"पाय खाली घे."

हेडमास्तर माईकवर बोलले. त्यामुळे ते मला एकटीलाच नाही, सगळ्या मंडपाला ऐकू गेलं. पाचवी ते दहावीची पोरं, त्यांचे आईबाप, पहिल्या रांगेत सोफ्यांवर बसलेली गावची बडी मंडळी. आणि स्टेजच्या पायरीशी हारांचं तबक घेऊन उभे असलेले माझे वडील.

मी स्टेजच्या मधोमध खुर्चीत बसले होते. मांडीवर गिटार, डावा पाय एका बुटक्या पाटावर. क्लासिकल गिटार अशीच वाजवतात. डावी मांडी वर आली की गिटार तिच्यावर नीट बसते, तिची मान तिरपी वर जाते, आणि डाव्या हाताला तिला सांभाळत बसावं लागत नाही. बोटं तारांवर मोकळी फिरतात. यात कुणाचा मान नाही की अपमान नाही. बसायची रीत आहे, एवढंच.

"सर, हे असंच धरतात," मी म्हणाले.

मागच्या रांगांत हसू फुटलं.

"समोर कोण बसलंय ते बघ जरा," हेडमास्तर म्हणाले. "चार बुकं शिकलीस म्हणून थोरामोठ्यांपुढं तंगडी वर करून बसायचं? पोरीच्या जातीनं?"

कुठली जात, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. थोड्या वेळापूर्वी त्यांनीच माझी ओळख करून दिली होती, 'आपल्या शाळेच्या शिपायाची मुलगी' म्हणून. आमचं घर गावाच्या कुठल्या अंगाला आहे, हे मंडपातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

मधल्या सोफ्यावर संस्थेचे अध्यक्ष होते. सगळे त्यांना आबासाहेब म्हणायचे. शाळा त्यांची, शाळेखालची जमीन त्यांच्या आज्याची, आणि माझ्या वडिलांच्या नोकरीवर सही त्यांची. ते स्वतः पायावर पाय टाकून बसले होते. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पायरीकडं बघून म्हणाले, "किसन, उचल ते."

दादांनी तबक खाली ठेवलं. स्टेजवर आले. माझ्यापुढं वाकले. माझा पाय काही केल्या हलत नव्हता. तेव्हा माझ्या बापानं माझ्या घोट्याला हात घातला, पाय उचलून स्टेजच्या फळीवर ठेवला आणि पाट काढून घेतला. सगळ्या गावादेखत. लेकीच्या पायाला हात लावून. माझ्याकडं बघितलं नाही. पाट काखेत मारून पायऱ्या उतरले.

तो पाट त्यांनीच केला होता.

आमचं गाव कोल्हारपासून दोन कोसांवर, प्रवरेच्या काठाला. दहावी झाल्यावर मी नगरला शिकायला गेले. मागासवर्गीय मुलींच्या हॉस्टेलवर राहायची. ही नव्वद सालानंतरची गोष्ट. हॉस्टेलच्या भिंतीपलीकडं एक म्हातारे ख्रिस्ती सर राहायचे. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे आणि संध्याकाळी ओट्यावर बसून गिटार. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. लग्नात, जयंतीला कर्ण्यावर वाजणारा नाही. बारीक, एकट्यानं स्वतःशी बोलल्यासारखा. मी तीन दिवस भिंतीशी उभी राहिले. चौथ्या दिवशी सर म्हणाले, "उभं राहून पाय दुखतील. आत ये."

आत गेल्यावर आधी त्यांनी माझी नखं बघितली. म्हणाले, "उजव्या हाताची वाढव. डाव्या हाताची रोज काप."

सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी त्यांना आलेली पत्रं वाचून दाखवायची आणि ते मला शिकवायचे. बोटांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. दिवाळीला घरी गेले तर आई म्हणाली, "एकाच हाताची नखं वाढीवलीस, कुनाला वरबाडायचंय?" पण भाकरी थापताना माझं नख लागून पीठ फाटायला लागलं, तशी तिनं मला परातीपासून उठवलं. पुन्हा बसवलं नाही. घरादारासाठी हा केवढा मोठा निर्णय होता, ते मला तेव्हा कळलं नाही.

हॉस्टेलवर सरांच्या जुन्या गिटारवर सराव करताना मी डाव्या पायाखाली वीट ठेवायची. एकदा दादा भेटायला आले आणि त्यांनी ती बघितली. आडवी चार बोटं विटेला लावली, वर आणखी चार धरली, मान हलवली. पुढच्या महिन्यात आले ते पाट घेऊनच. शाळेतल्या मोडक्या बाकाची फळी, हेडमास्तरांना विचारून घेतलेली. रंधा मारून, काचेनं घासून गुळगुळीत केलेली.

"वीट काय ठेवतीस," म्हणाले. "चूल मांडलीय का?"

दादा स्वतः बुलबुलतरंग वाजवायचे. जयंतीला वस्तीत त्यांच्याशिवाय गाणं उभं राहायचं नाही. त्यामुळे मी काय करते आहे, हे गावात कुणाला कळत असलं तर ते त्यांना कळत होतं. माझी गिटारची परीक्षा झाली, ती लंडनहून आलेल्या साहेबानं घेतली, तेव्हा दादांनी शाळेत सांगितलं. कौतुकानं सांगितलं. म्हणून तर हेडमास्तरांनी मला संमेलनात बोलावलं. मोठ्या हौसेनं आणलं होतं दादांनी मला तिथं.

आणि मी वाजवलं.

हे सांगायला मला आजही लाज वाटते. पाट गेला, पाय खाली आला, गिटार मांडीवरून घसरायला लागली, तरी मी वाजवलं. डाव्या हातानं मान सावरायची की तारा दाबायच्या, कळेना. कोपरानं दाबून धरली. दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसरीत बोट चुकलं, मग चुकतच गेलं. वर्षभर घासलेली ती चीज माझ्या हातात मेली. लोक बोलायला लागले. कुणीतरी म्हणालं, "सिनेमातलं वाजव की."

संपल्यावर हेडमास्तर पुन्हा माईकवर आले. आता त्यांचा आवाज मायेचा होता. "बघा. एवढी शिकली, पण नम्रता सोडली नाही. हे आपल्या शाळेचे संस्कार." टाळ्या पडल्या. माझी ओळख करून दिली तेव्हापेक्षा जास्त. मला नारळ दिला, आणि मी वाकून नमस्कार केला. कुणीही सांगितलं नव्हतं. आपण होऊन केला.

घरी आल्यावर मी दादांवर तुटून पडले. "तुम्ही का उचललात?"

"मी शिपाई हाय," दादा म्हणाले.

"तुम्ही माझे वडील होता तिथं."

"तिथं शिपाईच हुतो, बाई."

मग मी जे बोलले ते कुठल्या लेकीनं बोलू नये. म्हणाले, "जयंतीला बाबासाहेबांची गाणी म्हणता, आणि तीनशे चौसष्ट दिवस वाकता. त्यापेक्षा गाऊ तरी नका." दादा उठले, बाहेर जाऊन हातपाय धुतले, आणि जेवायला बसले. त्या वर्षी जयंतीला त्यांनी बुलबुलतरंगाची पेटी उघडली नाही. माझ्यामुळे. पाट शाळेतच राहिला. ऑफिसात पाण्याचा माठ ठेवला होता त्याच्यावर. आपलीच वस्तू परत मागायचं दादांना जमलं नाही.

नगरला येऊन मी सरांना सगळं सांगितलं. वाटलं, पाठीवरून हात फिरवतील. सर म्हणाले, "पाट काढल्यावर तू वाजवलंस?"

"हो."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

मी रडायला लागले. सरांनी आपली गिटार बाजूला ठेवली. मग म्हणाले, "माझा आजा याच जिल्ह्यातला. तुझ्याच लोकांतला. पाण्यासाठी दुसऱ्याच्या विहिरीवर ओंजळ धरून उभा राहायचा. तो उठून मिशनमध्ये गेला म्हणून मी इथं खुर्चीत बसलोय. उठता येतं, पोरी. तुला उठायचं होतं." त्यांनी मला काढून टाकलं नाही. पण त्या दिवशी शिकवलंही नाही. नुसतं खुर्चीतून उठायला लावलं. गिटार हातात घेऊन, न लटपटता. बस, ऊठ. पुन्हा.

दीड वर्ष गेलं. मी दुसरी परीक्षा दिली, नगरमध्ये दोन ठिकाणी वाजवलं. एका सकाळी दादा एस्टीनं आले. हातात आईनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू, तोंडी निरोप. आबासाहेबांच्या नातीचा साखरपुडा होता. पाहुणे पुण्याचे, त्यांना गिटारची आवड. बंगल्यावर वाजवायला मला बोलावलं होतं.

"गालिचा आंथरनार हायेत," दादा म्हणाले. "खाली बसून वाजवायचं. अर्धा तास फक्त."

मला एकदम शांत वाटलं. इतकं की माझं मलाच नवल वाटलं. मी म्हणाले, "त्यांना सांगा, मुलगी म्हणते, खुर्चीत बसेन, पाय पाटावर ठेवीन. चालत असेल तर येते. नाहीतर येत नाही."

दादांनी लाडू हॉस्टेलच्या बाकावर ठेवले. मग म्हणाले, "त्ये काय ऐकून घेनारं मानूस न्हाई."

"नाही ऐकलं तर नाही."

"परत सांग एकदा. कसं म्हनायचं म्हनालीस?"

मी परत सांगितलं. दादांनी ओठ हलवत ते पाठ केलं आणि पुढच्या गाडीनं गेले.

त्यांनी ते तसंच सांगितलं. तेव्हा बंगल्याच्या ओट्यावर हजर असलेल्या शाळेतल्या क्लार्कनं मला नंतर सांगितलं, एक शब्द मागंपुढं झाला नाही. हात जोडले नाहीत. हात बाजूला सोडून उभे राहिले आणि सांगून झाल्यावर म्हणाले, "माझंबी तेच म्हननं हाय." एवढं मात्र मी सांगितलेलं नव्हतं.

जूनमध्ये दादांची बदली झाली. संस्थेची एक शाळा भंडारदऱ्याच्या वर डोंगरात होती, तिथं. निवृत्तीला पाच वर्षं राहिली होती. आईला दमा, ती तिथल्या पावसात जाऊ शकत नव्हती. दादा एकटे गेले. शाळेच्या पडवीत राहायचे, आपल्या हातानं रांधायचे. पत्रात लिहायचे, 'इकडची हवा चांगली आहे.' दुसऱ्या पावसाळ्यात ताप छातीत उतरला. रस्ता खचला होता, दोन दिवस गाडी खाली आली नाही. नगरच्या दवाखान्यात आणलं तोवर श्वास पुरत नव्हता. मी उशाशी बसून होते. माझं बरोबर होतं, असं ते कधी म्हणाले नाहीत. चुकलं, असंही म्हणाले नाहीत. मी विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

आई मात्र स्पष्ट बोलते. म्हणते, "अर्धा तास खाली बसली असतीस तर मानूस घरात असता." ते खरं आहे. ते आठवून मला आजही रडू येतं. पण हळूहळू मला दुसरंच कळत गेलं, आणि ते आईच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. आबासाहेबांनी दादांना हुकूम दिला, उचल. मी त्यांना हुकूम दिला, सांगा. नकार माझा होता. तो घेऊन मी माझ्या बापाला बंगल्याच्या त्या ओट्यावर एकटं पाठवलं. मी नगरला बसून राहिले, स्वाभिमानानं ताठ. शेवटी मीही त्यांच्याकडून शिपायाचंच काम करून घेतलं.

दादांना जाऊन वर्ष व्हायचं होतं, तेव्हा शाळेचा नवा शिपाई चिठ्ठी घेऊन नगरला आला. शाळेचा मोठा समारंभ होता. माझं नाव तोवर थोडंफार झालेलं. चिठ्ठीत हेडमास्तरांनी लिहिलं होतं, 'खुर्चीची सोय केली आहे. आपल्या पद्धतीने पाय वर ठेवला तरी आमची हरकत नाही.'

शिपाई उत्तरासाठी थांबला होता. बिचारा घाम पुसत उभा होता. मी त्याला पाणी दिलं आणि म्हणाले, "तुम्ही काही सांगू नका. मीच येते."

दुसऱ्या दिवशी मी एस्टीत बसले. कोल्हारला उतरले, तिथून गावात चालत गेले. वस्तीकडं न वळता सरळ बंगल्यावर. चपला न काढता ओट्यावर चढले. आबासाहेब झोपाळ्यावर होते. ओळखायला त्यांना वेळ लागला.

"मी किसनची मुलगी," म्हणाले. "तुमच्या समारंभात मी वाजवणार नाही. खुर्ची दिली तरी नाही. पाय कुठं ठेवायचा त्याची परवानगी मी तुमच्याकडून घेणार नाही. माझ्या बापाला तुम्ही डोंगरात धाडून मारलंत. हे तुमच्या तोंडावर सांगायला आले."

झोपाळा थांबला. आतून कुणीतरी दाराशी आलं आणि तिथंच उभं राहिलं. आबासाहेब म्हणाले, "एवढ्यासाठी नगरवरनं आलीस व्हय? कुनाच्या तरी हाती निरोप धाडायचा."

मी म्हणाले, "एकदा धाडला होता. आता माझा नकार मीच घेऊन येते."