चाचांनी मोजलेली माणसं

"इथं आपली माणसं आहेतच किती?" असं कुणी म्हटलं, की चाचांचा आवाज चढायचा. "तुम्ही मोजलीत?" ते विचारायचे. मोजली होती ती फक्त चाचांनी.

चाचा दापोलीकडचे. कतारमध्ये, दोह्यात एका कंपनीत क्लार्क होते आणि तिथल्याच नजमा भागातल्या खोलीत आणखी पाच जणांबरोबर राहायचे. मी वसईची, दोह्यातच इस्पितळात नर्स. शुक्रवारी नमाज झाली की चाचा बस धरायचे. कधी मेसईदच्या कारखान्यांच्या वसाहतीत, कधी पार उत्तरेला अल रुवैसच्या बंदरावर. मराठी कानावर पडलं की गाव विचारायचं, नाव आणि घरचा फोन वहीत लिहायचा. "सरकारी कागदावर आपण नुसते इंडियन. ते ठीक. पण आपणही एकमेकांना ओळखू नये?"

आमच्या मराठी मंडळानं इथल्या मराठी माणसांची यादी छापायची ठरवली, तेव्हा चाचांनी सगळी नावं भागवार उतरवून नेऊन दिली. सेक्रेटरी चाळून म्हणाले, "चाचा, आम्ही फॅमिलीवाल्यांचीच छापतोय. बॅचलर खोल्यांचे पत्ते टिकत नाहीत."

"बॅचलर?" चाचा म्हणाले. "माझी बायको दापोलीला आहे. मेलेली नाही."

त्याच महिन्यात रुवैसहून एक पेशंट आला. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. अर्धं अंग गेलेलं, वाचा बंद. सुपरवायझर म्हणाला, घरचा नंबर ऑफिसात आहे, ऑफिस रविवारी उघडेल. ती गुरुवारची संध्याकाळ होती, पुढं शुक्र-शनि सुट्टी. मी चाचांना फोन लावून पेशंटचं नाव सांगितलं.

"यासीन? गुहागरचा. भाऊ मेसईदला खताच्या कारखान्यात आहे. थांब गं बाय."

तीन तासांत भाऊ उशाशी होता. त्यानं आईचं नाव घेतलं आणि यासीननं डोळे उघडून त्याचा हात घट्ट धरला. हे मी सेक्रेटरींना सांगितलं. "वा, छान काम केलंत," ते म्हणाले, आणि यादी होती तशीच छापायला गेली. आजही ते गुळगुळीत पुस्तक दिसलं की माझं डोकं फिरतं.

साठी झाली तशी कंपनीनं चाचांना मोकळं केलं. व्हिसा संपत आला. मंडळानं निरोप समारंभ ठेवला. 'आपल्या माणसांसाठी झटणारे' वगैरे भाषणं झाली, शाल घातली. चाचांनी ती उतरवून नीट घडी केली आणि टेबलावर ठेवली.

"ही रुवैसला कुणाच्याही खांद्यावर घाला. पत्ता मी देतो."

सभागृहात कुणीच पत्ता मागितला नाही. चाचा वाट बघत उभे राहिले. मग मी उठले, शाल उचलली आणि म्हटलं, "सांगा चाचा, मी लिहून घेते."