अण्णाकाकांवर गेलेली मुलगी

मारफन सिंड्रोम. डॉक्टरांनी हे नाव बाबांकडे बघत उच्चारलं. हाडं, डोळे, रक्तवाहिन्या यांना धरून ठेवणारं शरीरातलं बांधकामच जन्मतः कच्चं, असा त्याचा अर्थ. मला नुकतं बारावं लागलं होतं.

बाबा सरकारी कारखान्यात इंजिनीअर, म्हणून आम्ही बंगळूरला. आम्ही राहायचो ते जयनगर तेव्हा नवं होतं. आई माझे परकर खाली दुमडून, टिपा घालून शिवायची आणि दर वर्षी एक टीप उसवायची. त्या साली दिवाळीआधीच सगळ्या टिपा संपल्या. आईला माझ्या लग्नाची धास्ती. जरा पोक काढून चाल, हे तिचं पालुपद. बाबा मात्र खूश असायचे. "माझ्या अण्णावर गेलीय," म्हणायचे. अण्णाकाका म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, असेच उंच. ते विषमज्वराने गेले, असं आम्हाला सांगितलं होतं.

फळा दिसेना म्हणून डोळे दाखवले, तर आतलं भिंग सरकलेलं निघालं. तिथून मोठ्या इस्पितळात. मनगटाचा एक्स-रे काढला, त्यावरून हाडांचं वय कळतं. ते ठीक होतं. पसरलेले हात मात्र उंचीपेक्षा जास्त भरले.

"बहुतेक उंच मुलं नुसती घराण्यावर गेलेली असतात," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याकडे कोणी असं?"

"कोणी नाही," बाबा म्हणाले.

मला वाटलं, विसरले. "बाबा, अण्णाकाका?"

आईने माझा हात दाबला. लग्नाची मुलगी असलेल्या घरातला आजार बाहेर बोलायचा नसतो, समोर डॉक्टर का असेना. डॉक्टरांनी विचारलं, "ते कसे गेले?"

"छातीत कळ आली," बाबा खाली बघत म्हणाले. "पंचवीस वर्षांचा होता."

म्हणजे विषमज्वर नव्हताच. डॉक्टरांनी पुन्हा माझी छाती ऐकली, या वेळी बराच वेळ. एओर्टा, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फुगून फाटू शकते, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा त्यावर इलाज नव्हता. मला म्हणाले, "ओडबारदु, सरीना?" पळायचं नाही, कळलं ना? माझा खोखो त्या दिवशी संपला.

नंतर आईने पोक काढायला सांगितलं नाही आणि बाबांनी मला अण्णावर गेलेली म्हटलं नाही. मला दोन्हींची फार आठवण यायची.

तुमचं मूल असं भराभर वाढत असेल, तर दवाखान्यात जाताना घरातली गेलेली माणसंही आठवून जा. ती कशी गेली, ते खरं सांगा.

मला सव्विसावं सरलं त्या सकाळी बाबा देवापुढे बराच वेळ बसले होते. उठून माझ्याजवळ आले.

"अण्णापेक्षा मोठी झालीस," म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.