संदीपचा अर्धा तास

आमच्या पोस्टवर पाण्याला नियम होता. झऱ्यावरून जेरीकॅन वर आले की आधी क्लोरीनची गोळी, मग अर्धा तास, मग पाणी. मी तिथे नर्सिंग असिस्टंट होतो, म्हणजे जिथे डॉक्टर पोहोचत नाही तिथे त्याचं काम करणारा शिपाई. पाण्याचा चार्ज लान्स नायक संदीपकडे होता. तो दिव्याचा, मी डोंबिवलीचा. मध्ये फक्त कोपर स्टेशन. त्या बर्फात एवढ्या जवळचा माणूस म्हणजे भाऊच.

एकदा सुभेदार साहेब पेट्रोलवरून आले आणि प्यायचा मग थेट जेरीकॅनला लावला. संदीपने तो हातातून काढून घेतला.

"साहब, बीस मिनट बाकी."

"मैं प्यास से मर रहा हूँ."

"अभी पियेंगे तो पेट से मरेंगे. बीस मिनट, साहब."

साहेब शिव्या देत जेरीकॅनकडे बघत बसले. वीस मिनिटांनी संदीपने स्वतः तो मग भरून दिला. त्या हिवाळ्यात शेजारच्या पोस्टवर अर्धं सेक्शन पोट धरून आडवं होतं. आमच्याकडे एकही नाही. यात बहादुरी नाही, म्हणून याबद्दल कुणी विचारत नाही. लोक विचारतात, गोळी चालवली का?

शेवटच्या सुट्टीवरून तो खुशीत परतला.

"डॉक्टर, घरी मोटर बसवली रे. आई तिसऱ्या मजल्यावर हंडे चढवायची. आता बटण दाबलं की पाणी. म्हातारीने मोटरला हळदकुंकू वाहिलं!"

फेब्रुवारीत संदीपसह तिघांची वॉटर पार्टी खाली झऱ्यावर गेली. मी रेडिओजवळ होतो.

"वॉटर पार्टी, रिपोर्ट. ओव्हर."

"झरने पे हैं. दो कॅन भर गये. ओव्हर."

मग आवाज आला. रेडिओवर नाही, बाहेरच्या उतारावरून.

"वॉटर पार्टी, रिपोर्ट. ओव्हर."

"वॉटर पार्टी, रिपोर्ट."

दोघांना कोसळलेल्या बर्फाखालून जिवंत काढलं. संदीप संध्याकाळी सापडला. बर्फ उकरण्यात माझ्या डाव्या पायाची बोटं गेली. पुढे मेडिकल बोर्डाने मला घरी पाठवलं.

चालता यायला लागल्यावर दिव्याला गेलो. नाक्यावर चौकाला संदीपचं नाव दिलेलं होतं. वर फ्लेक्स. त्यावर संदीपपेक्षा पुढाऱ्यांचे चेहरे मोठे. फ्लेक्सच्या खाली उघडं गटार, आणि त्या गटारातूनच इमारतीत जाणाऱ्या पाण्याच्या लाइनी.

घरात तिघी होत्या. संदीपची आई, बायको प्रज्ञा वहिनी, आणि चार वर्षांची ओवी. काकूंनी आधी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी प्यायलो. मग ओवीकडे बघितलं. तिचे दंड माझ्या दोन बोटांत मावले असते.

तिघींचीही पोटं कित्येक महिने बिघडलेली होती. जुलाब, गॅस, जेवल्यावर मळमळ. औषध घेतलं की आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच.

"दुःखाचं आहे ते," काकू म्हणाल्या. "पोटात साठतं."

"आई, ओवीच्या पोटात कसलं दुःख?" वहिनी म्हणाल्या. "तिला तर तो नीट आठवतही नाही."

फौजेत शिकवलेलं आहे. एक जवान आजारी पडला तर जवान तपासा. सगळी बराक आजारी पडली तर सगळ्यांच्या तोंडात सारखं काय जातं ते तपासा. दूध फक्त ओवी पीत होती. मासे काकूंनी सोडलेले. बाहेरचं कुणी खात नव्हतं, वहिनी कामावरही घरचाच डबा नेत होत्या. स्वयंपाक काकूंचा. कधी कधी रांधणाऱ्याकडूनच पसरतं, म्हणून त्यांच्या हात धुण्याबद्दल विचारलं.

"माझ्या हाताला नावं ठेवतोस? संदीप याच हातचं खाऊन भरती झाला!"

मी माफी मागितली आणि पाण्यावर आलो.

"पिण्याचं उकळतो आम्ही," वहिनी म्हणाल्या. "गॅस संपत आला की राहतं कधी कधी."

"कोथिंबीर कशात धुता? ताकात कुठलं पाणी? ओवी चूळ कशाने भरते?"

वहिनींनी नळाकडे बघितलं. समोरच्या खोलीतली आगरी आजी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिने संधी सोडली नाही.

"आमचे घरान मोटार नाय रं बाबा. पोरगा बावीचा पानी आनतो, मी उकलते. आमची पोटा बरी हायेत. यांची मोटारवाल्यांची बग!"

दुसऱ्या दिवशी मी क्लोरीन तपासायचं छोटं किट घेऊन पाण्याच्या वेळेला गेलो. इमारतीतल्या मोटरी सुरू व्हायच्या आधी तळमजल्याच्या नळाला जे बारीक पाणी येत होतं ते एका ग्लासात घेतलं. मग मोटर चालू करून घरातल्या नळाचं दुसऱ्यात. दोन्हींत थेंब टाकले. पहिला ग्लास पिवळा झाला. दुसरा तसाच राहिला.

"बघ," काकू खूश झाल्या. "आपल्या मोटरचं कसं स्वच्छ आहे."

"उलटं आहे काकू. पिवळं म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. या दुसऱ्यातलं घाणीने खाऊन टाकलंय."

त्यांना जिन्याखाली नेऊन दाखवलं. लोखंडी जाळ्यांत प्रत्येक घराची मोटर कुलपात होती. संदीपच्या मोटरवर त्याने पांढऱ्या रंगाने नाव घातलेलं, फौजी ट्रंकेवर घालतात तसं. जुनी लाइन गटारात पडलेली. जागोजागी फुटलेली. नळाला जोर नसतो तेव्हा मोटर जोर लावून ओढते, आणि फुटलेल्या जागेतून गटाराचं पाणीही आत ओढलं जातं. एकाने मोटर लावली की दुसऱ्याचं पाणी तुटतं, म्हणून दुसरा लावतो. शेवटी सगळी इमारत एकमेकांच्या वाट्याचं गटार ओढत बसते.

काकूंनी मोटरवर हात ठेवला.

"त्याने मला पाणी दिलं. आता तू सांगतोस, विष दिलं?"

"त्याने मोटर दिली काकू. गटारात लाइन त्याने नाही टाकली."

"हिला हात लावायचा नाही. एवढंच राहिलंय त्याचं."

मी परत आलो. चौथ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन. ओवी डोळे उघडत नव्हती. मी पोहोचलो. तिच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, घडी तशीच उभी राहिली, म्हणजे अंगातलं पाणी आटलं होतं. रिक्षाने कळव्याला हॉस्पिटलात नेलं. शीर सापडायला वेळ लागला. सलाईन सुरू झालं तेव्हा काकू बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. दुपारी ओवीने पाणी मागितलं. काकू उठल्या आणि एकट्याच दिव्याला गेल्या.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा जाळीचं कुलूप उघडं होतं. मोटर काढून पुसलेली होती आणि घरात, संदीपच्या फोटोखाली ठेवलेली होती.

पण एक मोटर काढून लाइन सुधारत नाही. संदीपला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी इमारतीतले लोक हार घेऊन आले. काकूंनी दारातच अडवलं.

"हार राहू दे. मोटरी बंद करा. माझ्या मुलाची मी काढली. तुमच्या चालू कशा?"

तळमजल्याचे एकजण म्हणाले, "मावशी, आम्ही बंद केली आणि दुसऱ्याने नाही केली तर?"

"मग तो माझ्याकडे येऊ दे."

त्या संध्याकाळी मोटरी बंद राहिल्या. बऱ्याच उशिराने तिसऱ्या मजल्यावरच्या नळातून करंगळीएवढी धार आली. थेंब टाकले. ग्लास पिवळा झाला. काकूंनी तो ग्लास उजेडात धरून बघितला.

दुसऱ्या दिवशी खालून मोटरीचा आवाज यायला लागला. आधी एक, मग सगळ्या.

नवीन लाइनीसाठी वहिनींनी आणि मी पालिकेकडे अर्ज केले, घरोघर पत्रकं वाटली, सह्या घेतल्या. उत्तर आलेलं नाही. चौकाला नाव द्यायला एक पाटी पुरते. लाइन बदलायला रस्ता खणावा लागतो, आणि खणलेल्या रस्त्यावर फ्लेक्स उभा राहत नाही. सैनिकाला मान देणारे सगळे त्या चौकात भेटतात. त्याच्या मुलीच्या ग्लासात काय आहे ते बघायला तिसऱ्या मजल्यावर कुणी चढत नाही.

काकू पुन्हा, मोटरी सुरू व्हायच्या आत, तळमजल्यावरून हंडे चढवतात. प्रत्येक मजल्यावर थांबतात. पोटं सुधारली आहेत. ओवीचे दंड भरायला वेळ लागेल.

मी गेलो की अजूनही पाणी विचारतात, पण ग्लास लगेच हातात देत नाहीत. संदीपचा पोस्टवरचा नियम मी त्यांना सांगितलाय. हंडा घरात आला की आधी क्लोरीन, मग झाकण. मग तिघी आपापलं काम करतात आणि घड्याळाकडे बघतात. परवा ओवीला तहान लागली होती. ती रडली नाही. झाकणावर हात ठेवून उभी राहिली आणि आजीला विचारलं,

"बाबांचा अर्धा तास झाला?"

"नाही अजून," काकू म्हणाल्या. "थांब."

मीही थांबलो.