बार्बाडोसची डोलखुर्ची आणि आमची विहीर

मंडळी, आधी माझी ओळख नीट करून घ्या, म्हणजे पुढचं वाचताना "बाई भोळी दिसते" असं कोणी म्हणणार नाही. भूत, करणी, अंगात येणं या सगळ्याचा मला मनापासून कंटाळा आहे. आमच्या शेजारणीला रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की ती गल्ली बदलते. मी ते लिंबू उचलून सरबत करते. (एकदाच केलंय. छान झालं होतं. यांना पिऊन झाल्यावर सांगितलं.)

तर अशा बाईला इथे, या सदरात, असला अनुभव लिहायला बसावं लागतंय... याचाच मला पहिला राग आहे. पुढे आणखी येणार आहे.

मी त्रेपन्न वर्षांची, राहणार दुसरबीड, जिल्हा बुलढाणा. यांचं बसस्टँडजवळ हार्डवेअरचं दुकान आहे आणि गावाबाहेर रस्त्याला लागून आमचा एक एकराचा मळा. मळा कागदावर यांचा, बाकी सगळा माझा. वांगी, मेथी, सांबार (तुमची कोथिंबीर), मिरची... एकतीस वर्षं मीच पिकवते. यांची मदत म्हणजे दुकानातला एखादा पाइप आणि सल्ले. मळ्यात विहीर आहे. आजवर आटली नाही. मी लग्न होऊन आले त्याच उन्हाळ्यात तिचं आतलं बांधकाम झालं, म्हणजे विहीर आणि मी या घरात एकदमच आलो म्हणा ना!

आता बार्बाडोस. हसू नका, खरंच बार्बाडोस. तीन वर्षांपूर्वी लंडनच्या लेकीने आणि जावयाने लग्नाच्या वाढदिवसाला तिकिटं काढून दिली होती. हे नाव आम्हाला तोवर फक्त क्रिकेटच्या कॉमेंट्रीतून माहीत. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, अटलांटिकच्या बाजूला बाथशीबा म्हणून छोटं गाव आहे. तिथे टेकडीच्या उतारावर मिस वेरोना नावाच्या बाईंचं लाकडी घर भाड्याने मिळालं. पुढे व्हरांडा, खाली समुद्र. दहा दिवस आम्ही काही म्हणजे काहीही केलं नाही. हे खडकांमधल्या उथळ डोहात म्हशीसारखे डुंबायचे. मी तिथली पिवळी मिरची आणून ठेचा कुटायची, आणि मिस वेरोना तो खाऊन, डोळे पुसत, "मोर!" म्हणायची. दहा दिवसांत आम्ही एकदाही भांडलो नाही. घरी कोणी विश्वास ठेवला नाही.

म्हणून या वर्षी हे आपणहून म्हणाले, "चाल, पुन्हा जाऊ बार्बाडोसले," तेव्हा मी विरघळलेच. ज्या माणसाने मला स्वतःहून जळगाव जामोदच्या पुढे नेलं नाही (तिथे यांची आत्या राहते) तो माणूस सातासमुद्रापार न्यायला निघाला! मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. दोनदा सांगितलं. माझ्या नवऱ्याला म्हातारपणी प्रेम सुचलं, असंही सांगितलं... आता ते आठवलं की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

सोमवारी पोचलो. घर तेच, समुद्र तोच, वेरोनाबाईही तशीच. फक्त व्हरांड्यात आमच्या दोन वेताच्या खुर्च्यांच्या मधोमध एक तिसरी खुर्ची आली होती. लाकडी डोलखुर्ची. तीन दिवस अगदी स्वर्ग.

गुरुवारी सकाळी हे अंघोळीला गेले आणि यांचा फोन वाजला. प्रल्हाद भाऊजी, यांचे चुलतभाऊ. मी उचलला, "हॅलो" म्हणणार तेवढ्यात तिकडून सुरू...

"दादा, सोमवारी सक्काळीच जेसीबी लावतो. पयले विहीर बुजवून घेऊ, मंग मळा सपाट करू. वयनीले काई समजलं नाई न अजून?"

मी म्हटलं, "समजलं, भाऊजी."

तिकडून फोन बंद.

हे टॉवेल गुंडाळून, गुणगुणत बाहेर आले. मी शांतपणे विचारलं, "विहीर बुजवून राह्यले तुम्ही?"

"कोण म्हणे?"

"जेसीबी म्हणे."

गुणगुणणं थांबलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मळा रस्त्याला लागून, रस्त्यावर आता गाड्यांची रांग, तिथे भागीत ढाबा टाकायचा. हे, प्रल्हाद भाऊजी आणि पैसे घालणारे एक पाहुणे, तिघांचं ठरलंय, शब्द दिलाय, परतल्यावर सही.

"मले काऊन नाई विचारलं?"

"अवं, तुले विचारलं असतं त तू जेसीबीपुढं आडवी झाली असती."

"म्हणून मले इथं आणून ठेवलं?"

"ठेवलं काय? फिरायले आणलं!"

मंडळी, ऐकलंत? विहीर बुजेपर्यंत बायको लांब असावी म्हणून माणूस तिला माहेरी पाठवतो, फार तर तीर्थाला पाठवतो. यांनी थेट दुसऱ्या खंडात नेली. आणि मी वेडी त्याच सुट्टीसाठी नवीन सँडल घेऊन आले होते!

मी प्रल्हाद भाऊजींना लगेच फोन लावला. "वयनी, दादा सांगन तरच थांबतो," एवढंच म्हणाले, नंतर उचलेनात. मग मी यांच्याशी बोलणं बंद केलं.

आमच्या घरचा अबोला म्हणजे साधी गोष्ट नाही, त्याला रीत आहे. एकमेकांशी बोलायचं नाही, पण कामाचं कोणामार्फत तरी कळवायचं. सासूबाई होत्या तोवर त्यांच्यामार्फत, मग लेकीमार्फत, लेक लग्न होऊन गेल्यावर गोठ्यातल्या गायीमार्फत. ("गंगे, सांग त्याइले, भाकर वाढली.") इथे गाय कुठून आणणार? मधे होती ती डोलखुर्ची. मी तिच्याकडे तोंड करून म्हटलं, "सांग त्याइले, चहा झाला."

हे पण रीत जाणणारे. खुर्चीला म्हणाले, "सांग तिले, साखर कमी हाय."

"सांग, आहे तेवढीच मिळन."

वेरोनाबाईने दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा तिकडून जाताना पावलांचा वेग वाढवला. शुक्रवार, शनिवार असेच गेले. हे मुकाट्याने डोहात डुंबायचे, मी व्हरांड्यात धुमसत बसायची. घड्याळाचा हिशेब मला पाठ झाला होता. आपण तिथल्यापेक्षा साडेनऊ तास पुढे. म्हणजे रविवारी रात्र पडायच्या आत यांनी फोन केला नाही, तर इकडे दुसरबीडला सोमवार उजाडून जेसीबी विहिरीवर उभा.

रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला हे पुन्हा खाली गेले. आता जागा नीट समजून घ्या, कारण सगळं जागेवरच आहे. व्हरांड्यातून पायऱ्या उतरायच्या, रस्ता ओलांडायचा, नारळी पार करायच्या, मग वाळू, मग खडक, मग डोह. मी नंतर मोजली, दोनशे चाळीस पावलं. समुद्राचा आवाज असा की शेजारचा माणूसही ओरडून बोलतो. आणि वारा दिवसरात्र समुद्राकडून घराकडे, एकाच दिशेने.

मी एकटीच होते. म्हणजे वेरोनाबाई पायरीजवळ झुडपं छाटत होती, म्हणून मी अगदी ओठातल्या ओठात बोलले. खुर्चीलाच. तीन दिवसांत सवय झाली होती, आणि दुसरं होतं कोण?

मी तिला सांगितलं... जे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. माझं माहेरचं नाव मंदाकिनी. या घरात मोठ्या जावेचं नाव आधीच मंदा, म्हणून लग्नात ताटातल्या तांदळावर यांनी 'वर्षा' लिहिलं आणि माझं नाव संपलं. कोणी विचारलंही नाही. त्याच वैशाखात विहिरीचं बांधकाम झालं. भर दुपारी गवंडी जेवायला गेले, घर झोपलेलं, मी शिडीने खाली उतरले. गिलावा ओला होता. मोटारीचा पाइप बसवला होता, त्याच्या मागे खिळ्याने नाव लिहिलं. चार अक्षरं. पाणी चढलं, झाकून गेलं. कडक उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मी वाकून बघते... पाइपाच्या आड असतं, ठाऊक असलेल्यालाच दिसतं. "माझ्या नावाची तेवढी एकच जागा आहे," मी खुर्चीला म्हटलं, "तिच्यावर हे माती टाकून राह्यले."

एवढंच बोलले. खुर्ची हलली वगैरे नाही. उगाच खोटं कशाला सांगू?

पाच मिनिटं झाली नसतील. हे पायऱ्या चढून आले. ओलेचिंब, अनवाणी, धापा टाकत, आणि लालबुंद. रीत मोडून थेट माझ्याशी बोलले.

"विहिरीत नाव लिवलं ते एकतीस वर्षांत मले काऊन नाई सांगतलं?"

माझ्या हातातली कपबशी पडली. (वेरोनाबाईची. भरून दिली.)

"तुम्हाले कोणं सांगतलं?"

"तूच! आत्ता! माह्या पाठीमागं उभी राहून!"

"मी इथून उठली नाई."

"खोटं नको बोलू! गिलावा ओला होता, खिळ्यानं लिवलं, पाइपाच्या मागं! मी तीनदा वळून पाह्यलं. दिसून नाई राह्यली, आवाज मात्र कानाशी. तुहाच आवाज, मले कळत नाई का?"

मी वेरोनाबाईला हाक मारली. माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, मी इथून हलले का? ती म्हणाली, तासभर तू तिथेच बसून पुटपुटते आहेस, आणि तुम्हा दोघांना बरं वाटत नसेल तर गावात डॉक्टर आहे.

मग यांचा आवाज एकदम खाली आला. "आणि शेवटी ते काऊन म्हटलं?"

"काय?"

"की मी आता दुसरबीडले येत नाई. लंडनले लेकीपाशी राह्यते, तुम्ही जा."

मंडळी, इथे माझ्या अंगावर काटा आला, आता लिहितानाही येतोय. कारण हे मी खुर्चीलासुद्धा सांगितलं नव्हतं. हे मी फक्त मनात ठरवलं होतं. आदल्या दिवशी, भांडी विसळताना.

यांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना जे कळायचं ते कळलं. तसेच ओल्या अंगाने फोन घेऊन बसले. दुसरबीडला मध्यरात्र उलटून गेली होती.

"प्रल्हाद, जेसीबी येऊ देऊ नको."

"दादा, झोपीत बोलून राह्यले का? पाहुण्याइले शब्द देला न आपण!"

"शब्द माहा होता, मी परत घेतो. विहिरीले हात लावू नको."

"काऊन पण? काई कारण?"

हे म्हणाले, "आत तुह्या वयनीचं नाव हाय."

"विहिरीत? वर्षावयनीचं?"

"नाई बे," हे म्हणाले. "मंदाकिनीचं." आणि फोन ठेवला. ते नाव मी यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रयोग केला. माझ्या स्वभावाला ते केल्याशिवाय चैन नव्हतंच. हे डोहात जाऊन बसले, मी व्हरांड्यातून बेंबीच्या देठापासून ओरडले. साधं नाही, चार दिवसांच्या साठलेल्या सगळ्या शिव्या, यांच्या चुलतभावासकट. तिकडून यांनी मजेत हात हलवला. परत येऊन विचारतात, "गाणं म्हणून राह्यली होती का?" एक अक्षर पोचलं नव्हतं. मग ओठातल्या ओठात बोलून पाहिलं, खुर्चीला सांगून पाहिलं, खुर्चीत बसून पाहिलं. काही नाही.

वेरोनाबाईला विचारलं, या खुर्चीत पूर्वी कोण बसायचं? तुमची आई? आजी? कोणी वारलं का हिच्यात? बाई भयंकर चिडली. गेल्या नाताळात शहरातल्या दुकानातून नवी कोरी आणली, म्हणाली. उलटी करून दाखवली. खाली दुकानाचा कागद तसाच चिकटलेला होता.

म्हणजे तिथेही काही हाती लागलं नाही.

परत आलो. विहीर आहे, मळा आहे. प्रल्हाद भाऊजी अजून आमच्या दारात येत नाहीत, न येवोत. यंदा उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तेव्हा हे स्वतः शिडी लावून उतरले, या वयात, या पोटासकट. पाइपाच्या मागे बॅटरी मारून कितीतरी वेळ बघत राहिले. वर आले तेव्हा म्हणाले, "अक्षर चांगलं हाय तुहं." बस्स.

लोक मला विचारतात, म्हणजे आता तरी तुमचा विश्वास बसला का? आणि राग गेला का? विश्वासाचं मला माहीत नाही. एक इंजिनियर जावई, एक लंडनचा त्याचा मित्र आणि आमचे शाळेतले सर, तिघांनी तीन कारणं दिली, एकही वाऱ्याच्या दिशेपुढे टिकलं नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि मी आता शोधतही नाही.

राग मात्र आहे. चांगला ताजा आहे. कारण दोनशे चाळीस पावलांवरून, उलट्या वाऱ्यात, समुद्राच्या गर्जनेत, मी न बोललेलंसुद्धा या माणसाला स्वच्छ ऐकू आलं. आणि घरी, ताटाला ताट लावून जेवायला बसते, तोंडाने, मोठ्याने, दोनदा सांगते, ते एकतीस वर्षांत एकदाही ऐकू आलेलं नाही. काल सांगितलं, मोटारीचा वॉल्व्ह बदला. आज विचारतात, "मले कवा सांगतलं?"

वाचकांपैकी कोणाकडे याचं शास्त्रीय कारण असेल, तर तेवढं मात्र जरूर कळवा.