मीटरला कळू न देता

बाळंतिणीला मी दीड बादलीत न्हाऊ घातलं आहे, आणि ती बाळंतीण माझी पोटची मुलगी होती. आज सांगताना हसू येतं. तेव्हा मात्र अख्ख्या सिडकोत माझ्याइतकं हुशार कोणी नाही, असं मला वाटत होतं.

नव्वदीच्या त्या वर्षांत आमच्या घराला पाण्याचं मीटर बसलं. तोवर नळपट्टी ठरलेली; पाणी कितीही सांडा. आता चाक फिरेल तसं बिल. हळदीकुंकवाला एका शेजारणीने कानात सांगितलं, की नळ थेंब थेंब सोडला तर चाक हलतच नाही. झालं! नळाखाली ड्रम आला आणि अंगणातल्या मीटरपाशी माझ्या चकरा सुरू झाल्या. झाकण उचल, आतलं लाल चाक बघ, झाकण लाव. फोडणी चुलीवर तडतडतेय आणि मी बाहेर. चाक जरा थरथरलं की धावत जाऊन नळ आवळायचा.

आमचे हे सातपूरच्या कारखान्यात होते. ते समजावून थकले, की गंगापूर धरणाच्या त्याच पाण्याला कारखाने आपल्या कितीतरी पट दर देतात, म्हणून घरगुती पाणी आपल्याला खर्चाच्याही खाली मिळतं. मी म्हटलं, इतकं स्वस्तच आहे तर थोडं फुकट घेतल्याने कोणाचं काय जातं? यावर ते कामावर निघून गेले. सुट्टी होती त्यांना त्या दिवशी.

अशात लेक पहिल्या बाळंतपणाला आली. सवा महिना तिला ठेवून घ्यायचं, नातवाला मांडीवर खेळवायचं, एवढी एकच हौस होती मला. पण पाणी यायचं सकाळी थोडा वेळ, आणि तेवढ्यात थेंबांनी ड्रमचा तळ जेमतेम झाकला जायचा. न्हाऊ घालणाऱ्या बाई कढत पाण्यासाठी हाका मारायच्या, मी तांब्यातांब्याने पुरवायची. लेकीच्या केसांतलं तेल काही निघेना. एकदा वैतागून बाईंनीच नळ सगळा सोडला. मी ओल्या पायांनी अंगणात धावले, चाक गरगरताना पाहिलं आणि तशीच आत येऊन नळ बंद केला. साबण लावलेलं बाळ बाईंच्या पायांवर किंचाळत होतं.

संध्याकाळी जावई आले, तर लेकीची बॅग दाराशी. सवा महिना कुठला व्हायला! मी आत-बाहेर करत राहिले. डिंकाचे लाडू डब्यात भरले, काढले, पुन्हा भरले. शेवटी रडवेली होऊन विचारलं, अशी मध्येच का निघालीस, माझं काय चुकलं?

बाळाला खांद्यावर घेत ती म्हणाली, "तुझं काही नाही चुकलं गं आई. आमच्याकडचं मीटर बंद पडलंय, बिल सरासरीने येतं. तिथे जाऊन एकदा मनसोक्त न्हाते."