खाकरणं

आमच्या घरात बायकोला हाक मारायची पद्धत नव्हती, खाकरायची होती. आजोबा निजामाच्या राज्यात खाकरत, वडील महाराष्ट्रात खाकरत आणि शिकून मास्तर झालेल्या मीही तेच पुढं चालवलं. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची लाज वाटे, खाकरायची वाटत नसे. ओसरीवर एकदा खाकरलं की आत तिच्या बांगड्या वाजत.

शिरूर अनंतपाळला तिच्या चुलत बहिणीचं लग्न होतं. आहेराच्या साड्या सगळ्या बायांना एकाच गठ्ठ्यातल्या, पोपटी, आणि बायांनी त्या लगेच नेसल्याही. मला सर्दी झालेली, घसा बसलेला. चाकूरची गाडी गाठायची म्हणून मांडवाच्या तोंडाशी जाऊन खाकरलो. डोक्यावरून पदर घेतलेली पोपटी साडी उठली. मी पुढं, ती मागं. मागं वळून बघायची पद्धतही आमच्यात नव्हती. स्टँडपर्यंत मी तिच्या माहेरच्यांचा यथास्थित उद्धार केला. वरणात मीठ नव्हतं इथपासून सुरुवात केली होती.

स्टँडवर मागून आवाज आला, "भाऊ, मी तुमची न्हाई. खोकला आमच्या मालकाचा वाटला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला मांडवात पोचवलं तर तिचे मालक खाकरून खाकरून लाल झालेले. आमची ही कोपऱ्यात बसून होती. चाकूर येईस्तोवर ती पदरात तोंड खुपसून हसली. मग तोंडावरचा पदर काढून म्हणाली, "नावानं हाक मारली असती तर जीभ झडली असती का तुमची?"

मी तशी हाक पुढंही कधी मारली नाही.

शेवटी लातूरच्या दवाखान्यात खिडकीवरच्या मुलीनं पेशंटचं नाव विचारलं. मी सांगितलं. बाकावरून ही म्हणाली, "घेतलं बाई एकदाचं." त्या आजारातून ती उठली नाही.

आता मी नांदेडला मुलाकडे असतो. सून भली आहे, काही कमी पडू देत नाही. तरी दिवस जाता जात नाही, फार एकटं वाटतं. खोलीत कुणी नसलं की तिचं नाव घेऊन बघतो. पण सवयीची हाक ती नव्हे. मग खाकरतो.

सून लगबगीनं खोकल्याचं औषध घेऊन येते. मला खोकला नाही, हे तिला कसं सांगावं कळत नाही. मुकाट्यानं दोन चमचे घेतो.